खाडीत उतरायचं, तर आधी तिथी पाहा

प्रश्न : आम्ही आठ जण सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) ठरवून मालवणचा किनारा वरून पाहायचा आणि देवबागला कर्ली खाडीकाठी निवांत जेवायचं, असा बेत करतोय. कोणता दिवस धरावा? (वाचक, कुडाळ)

उत्तर : रविवार पाहू नका, तिथी पाहा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास खाडी भरलेली आणि सव्वातीनला पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक पडताळून घ्या.

भरती लागते ती वाळूमुळे. कर्लीच्या मुखाशी वाळू सतत सरकते. गेल्या मोसमात पुरुषभर पाणी होतं तिथे यंदा गुडघाभर असू शकतं. सीप्लेनचे फ्लोट म्हणजे खालचे दोन पोकळ तराफे, आतून कप्पे केलेले. एखादा कप्पा वाळूत घासून फुटला तर विमान लगेच बुडत नाही, पण आत पाणी शिरून जड होतं आणि उडायचं राहतं. जाळ्यांचे खुंट आणि बोये हा दुसरा धोका. आदल्या दिवशी त्याच भरतीला स्थानिक होडीवाल्याला घेऊन उतरण्याचा पट्टा बघून घ्यायला सांगा.

सकाळच का, तर दुपारी खारा वारा सुटतो आणि खाडीत फूटभर लाट उठली तरी लहान विमानाला जड जाते. गंमत म्हणजे पाणी आरशासारखं स्तब्ध असेल तेही वैमानिकाला नको असतं. पाण्यापासून किती उंचीवर आहोत हे कळतच नाही, मग काठच्या माडांवर नजर ठेवून, इंजिनाचा जोर ठेवतच अगदी सावकाश टेकावं लागतं. झुळकेने सुरकुतलेलं पाणी सर्वांत बरं.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या : त्या जागी उतरण्याची परवानगी आणि रद्द झाल्यास परतावा. 2020 साली सुरू झालेली साबरमती ते केवडिया सेवा पुढच्याच वर्षी थांबली. हा धंदा खर्चिक आहे. खाऱ्या पाण्यात उतरलेलं विमान गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर गंज धरतो.

प्रश्न : आईला गाडी लागते. विमानात काय काळजी घ्यावी? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : सकाळी तेलकट नको, मऊ भात किंवा एखादं घावन पुरे. गोळी डॉक्टरांना विचारून, उड्डाणाआधी अर्धा-एक तास. पंखाच्या जवळची जागा कमी हलते. सामानासकट प्रत्येकाचं वजन होतं, लाजून कमी सांगू नका. लाइफ जॅकेट आत बसून कधीही फुगवू नका : केबिनमध्ये पाणी शिरलं तर फुगलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवतं आणि दारापर्यंत जाता येत नाही. दाराबाहेर पडल्यावरच दोरी ओढायची.

प्रश्न : जेवणात काय सांगावं? (वाचक, कुडाळ)

उत्तर : वद्य द्वादशी धरली असेल तर कुर्ल्या, म्हणजे खेकडे. अमावास्येकडे कुर्ली भरलेली, पौर्णिमेकडे पोकळ, असा इथल्या मच्छीमार गाबीत मंडळींचा अनुभव आहे. (एकादशीचा उपास असेल त्यांनी पारण्याचा पेच आपला आपण सोडवावा.) तिसऱ्या (शिंपल्या) मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ओहोटीला काढलेल्या तिसऱ्या दोन-तीन तास खाऱ्या पाण्यात ठेवल्या नाहीत तर सुक्क्यात दाताखाली वाळू करकरते, आणि त्याचा दोष मसाल्यावर जातो. उघडी तिसरी टिचकी मारून मिटली नाही तर फेकायची. शिजून न उघडलेलीही ताटात नको. सोलकढी लसूण-मिरची लावलेली, पण बर्फाशिवाय मागा. बर्फ वितळला की नारळाच्या दुधाची चव उरत नाही.

साडेबाराला जेवायला बसा. दोनच्या पुढे संगमाजवळचे वाळूचे दांडे उघडे पडू लागतात, तेव्हा होडीने तिकडे जा आणि पाणी फिरायच्या आत परता. होडीवाला किती वाजता निघू म्हणतो ते ऐका. त्याच्याशी घासाघीस भाड्यावर करावी, वेळेवर नाही. आणि विमान ऐनवेळी रद्द झालं, तर सकाळी नऊच्या भरतीला तीच होडी खाडीत वरपर्यंत, कांदळवनाच्या कडेकडेने नेते.