किती साठलं की परत यायचं?

मे महिना आणि गणपतीचे दिवस आले की बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आखातातून रजेवर आलेली माणसं दिसू लागतात. खानापूर, येळ्ळूर, निपाणी, पलीकडच्या चंदगडहूनही येतात. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, अशी सुरुवात असते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरा प्रश्न बाहेर पडतो: "मॅडम, किती साठलं की परत यायचं?"

प्रश्न रास्त आहे. संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगाराला सरकारी पेन्शन मिळत नाही, आणि बहुतेकांचा व्हिसा नोकरीलाच बांधलेला असतो. पण ज्यांच्याकडे पुरेसं आहे तेही हा प्रश्न तितक्याच धास्तीनं विचारतात, म्हणून पुढची हकीकत लिहिते आहे. दोन-तीन घरांचे अनुभव त्यात एकत्र केले आहेत आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

दादा ५२ वर्षांचे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम शिकून मशिनिस्ट म्हणून शारजाला गेले, त्याला २२ वर्षं झाली. आधी घर बांधून होईपर्यंत, मग भावाचं लग्न, मग उसाची जमीन, मग मुलींचं शिक्षण. प्रत्येक वेळी "अजून दोन वर्षं". पहिल्या भेटीत त्यांनी ५० लाखांचा आकडा सांगितला. तिसऱ्या भेटीत तो ८० लाखांवर गेला होता. मधल्या दिवसांत घरात काहीच बदललं नव्हतं.

आकडा असा सरकायला लागला की मी बेरीज-वजाबाकी बाजूला ठेवते. परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीची ठाम समजूत माणसाला जास्त पळवते, असं मी मानते. ती समजूत हाताला लागेपर्यंत कुठलीच रक्कम पुरी वाटत नाही. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. "पाठवलेल्या पैशातून काय काय उभं राहिलं ते लिहा, आणि प्रत्येकापुढे ते कुणाच्या नावावर आहे तेही."

घर वडिलांच्या नावावर. सोनं वहिनींकडे, म्हणजे दादांच्या बायकोकडे. विम्याच्या पॉलिस्या मुलींच्या. उसाची दोन एकर जमीन धाकट्या भावाच्या नावावर. तिथं पेन थांबलं.

"मला घेता येत नव्हती ओ मॅडम. भाऊ काय परका आहे?"

खरंच घेता येत नव्हती. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं इथली शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मिळालेली ठेवता येते. मी एवढंच म्हटलं, "लिहा पुढं. तुमच्या नावावर काय?"

अनिवासी भारतीयांसाठीच्या एनआरई खात्यातली एक मुदत ठेव आणि नोकरी सुटताना कंपनीकडून मिळायची ग्रॅच्युइटी. कागदाकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "आईला पाठवलं, भावाला पाठवलं, पोरींना पाठवलं. मला कधी पाठवलंच नाही की."

पुष्कळ समुपदेशक इथं थांबतील, कारण वाक्य मोठं आहे आणि डोळ्यांत पाणी आहे. मला मात्र ते अर्धंच वाटलं, म्हणून पुढच्या भेटीला वहिनींना बोलावलं. तोवर दादा शारजाला परतले होते. व्हॉट्सॲपचा कॉल तिकडून लागत नाही, म्हणून बोटिम या ॲपवर बोललो.

"घरखर्चाला महिन्याला किती लागतं?" मी वहिनींना विचारलं.

"२८ हजार. फी सोडून." वही उघडायची गरज पडली नाही.

"२८? मी ६० पाठवतो," दादा चमकले.

"उरलेलं पतसोसायटीत ठेवलंय. मागं सांगायला गेले तर तुम्हीच म्हणाला, काटकसर करू नका." मग शांतपणे त्या पुढं म्हणाल्या, "तुम्ही पैशासाठी थांबलाय असं मला वाटतच नाही. हितं येऊन काय करायचं ते तुम्हाला कळंना झालंय."

दादा चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिथं सकाळी सातला मशीनपुढं उभा राहिलो की मला मी कोण ते ठाऊक असतं. हितं रजेत चार दिवस पाहुणा, पाचव्या दिवसापासून सगळ्यांच्या पायात."

समजूत हाताला लागली ती इथं: मी पाठवतो म्हणून मी घरचा, पाठवणं थांबलं की माझी जागा गेली. ८० लाखांचा आकडा ही समजूत राखत बसला होता. पुढच्या भेटी आम्ही तिच्यावरच घालवल्या. पाठवावंसं वाटणं ही माया आहे. पाठवलंच पाहिजे, नाहीतर मी कुणी नाही, हा स्वतःवरचा जुलूम आहे. हा फरक दादांना पटला, आणि मग हिशेब अगदी सरळ झाला.

त्यांना वाटत होतं की ग्रॅच्युइटी पूर्ण पगारावर, वर्षाला एक महिना अशी मिळते. तिथला कायदा पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवस आणि पुढच्या वर्षांना ३० दिवस धरतो, तेही फक्त मूळ पगारावर. मूळ पगार ३,००० दिरहॅम असेल तर २२ वर्षांचे ६१,५०० होतात. शिवाय एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापुढं जात नाही, म्हणजे ७२,००० ला गाडी थांबते. साधारण २६ वर्षं भरली आणि मूळ पगार तोच राहिला, तर "अजून दोन वर्षं" थांबून त्यात एक दिरहॅमही वाढत नाही. रजेवर आलेल्या प्रत्येकाला मी करारातला मूळ पगाराचा आकडा शोधायला सांगते.

दादांना मधुमेह आहे. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि इथल्या विम्यात आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ५५ व्या वर्षी परतायचं तर पॉलिसी आजच घ्यायची, आजार न लपवता. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं बदलून घ्यावं लागतं आणि त्यानंतरच्या व्याजावर कर लागू शकतो. करसल्लागाराकडे परतण्याआधी जा, नंतर नको. ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासींना मिळत नाही. परतल्यावर, ६० पूर्ण झाली की ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. महागाई ६ टक्के धरली तर आजचे २८ हजार १२ वर्षांत ५६ हजार होतात, तेही कागदावर धरा.

सोसायटीचं मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. आपल्या भागात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत, माणसं ओळखीची असतात, व्याज जास्त असतं. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जे विमासंरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. त्यांनी मुदत संपेल तसतशी रक्कम बँकेत वळवायला घेतली आहे.

आता दर महिन्याला ६० हजारांतले २५ हजार दादांच्या म्हातारपणाच्या नावानं वेगळे निघतात. परतायचं वर्ष ठरलंय, ५५ वं. पुढच्या रजेत उद्यमबागेतल्या जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये दोन आठवडे बसून बघणार आहेत. जमिनीचा गुंता अजून सुटलेला नाही. त्यात बेनामी व्यवहाराच्या, म्हणजे आपल्या पैशानं दुसऱ्याच्या नावावर घेण्याच्या, कायद्याचाही प्रश्न आहे, तो माझ्या खोलीत सुटणारा नाही. दोघं भाऊ मिळून वकिलाकडे जायला तयार झालेत, आणि भावाला तसं फोनवर विचारलं ते दादांनी स्वतः.