सराफ्यात दोनदा जा

प्रश्न : ताई, मी इंदूरला एका कॉलेजात बीबीएला शिकवते, शिवाय संध्याकाळी नोकरी-धंदेवाल्यांचा सर्टिफिकेट कोर्स घेते. वरून ऑर्डर आली की यंदा 'अनुभवातून शिक्षण' हवंच, म्हणून दोन्ही बॅच रात्री सराफ्यात (दिवसा सोन्या-चांदीचा बाजार, रात्री खाऊगल्ली) नेल्या. पोरांनी भुट्ट्याचा कीस खाल्ला, सेल्फी काढले आणि चाळीसपैकी तीस रिपोर्ट शब्दाला शब्द सारखे! संध्याकाळच्या बॅचमधे एक काका आहेत, पोह्यांचं दुकान आहे त्यांचं, त्यांनी एकच ओळ लिहिली, "नवीन काही नाही." माझं चुकलं कुठे?

उत्तर : काकांना पूर्ण मार्क द्या, खरं बोलणारे ते एकटेच निघाले. आणि त्या तीस रिपोर्टात काय असेल ते मी न वाचताच सांगते, सराफांची दुकानं बंद झाली की ओट्यासमोर गाड्या लागतात कारण रात्री गर्दी असली की चोराची भीती नाही, हेच ना? असेलही खरं, पण एवढं तर घरबसल्या आजीही सांगते, त्यासाठी कोर्स कशाला.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्बनं १९८४ मधे अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं त्यात चार गोष्टी आहेत, अनुभव घ्यायचा, मग थांबून त्याच्याकडे बघायचं, त्यातून काही नियम काढायचा आणि तो नियम परत करून बघायचा. तुमची पोरं पहिल्या पायरीवर कीस खाऊन घरी गेली. चौथी पायरी सगळेच गाळतात, कारण परत बस कोण देणार (राजवाड्यापासून पायी पाच मिनिटं, बस कसली!).

माझं ऐका, जायच्या आधी प्रत्येक जोडीला वेगळी गाडी द्या आणि अंदाज लिहून घ्या, नऊ ते दहात किती प्लेट जातील, हातात किती उरेल. मग तिथे उभं राहून मोजायचं, पण गाडीवाल्याला आधी विचारून, काहीतरी विकत घेऊन, गर्दीत त्याच्या डोक्यावर न बसता. दुसऱ्या दिवशी वर्गात हुकलेल्या अंदाजांवरच बोला. माझ्या बॅचला तेल, गॅस आणि हाताखालच्या पोराचा पगार कुणालाच आठवला नव्हता, मग जी भांडणं झाली ती कुठल्याही लेक्चरपेक्षा भारी. मार्क बरोबर आकड्याला नकोत, का हुकलं ते कसं उलगडलं त्याला द्या. कॉपी आपोआप बंद, प्रत्येकाची चूकच वेगळी असते ना.

वेळ कुठून आणायचा म्हणाल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पदवी-आराखड्यात प्रॅक्टिकलच्या १ क्रेडिटला १५ आठवड्यांत ३० तास आहेत, ते सगळे एका ट्रिपमधे घालवू नका.

आता काका. मोठी माणसं अनुभवाचं गाठोडं घेऊनच वर्गात येतात, माल्कम नोल्सनं प्रौढशिक्षणात हेच लावून धरलं होतं, आणि तुम्ही त्यांना खाण्याची गाडी दाखवायला नेलंत! उलट एक दिवस सकाळी सहाला बॅच त्यांच्या दुकानावर न्या. उद्या किती पोहे भिजवायचे हे कसं ठरवता, एवढं विचारा. "हाताला कळतं" म्हणतील. मग दोन आठवडे रोजचा अंदाज आणि उरलेले पोहे वहीत लिहायला सांगा, बघू त्यांना नवीन काही सापडतं का.

आणि पोरांची दुसरी फेरी डिसेंबरात ठेवा, पहिली सप्टेंबरात झाली असेल तर फारच छान. थंडीत गराडू (तळलेला मसालेदार कंद) येतो, आणि सप्टेंबरात काढलेला नियम कढईत पडतो.