मेश्राम आडनाव मूळचं गोंडांचं का? डीएनए चाचणीतून त्याचा निकाल लागेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराणं मूळ नागपूरचं, बौद्ध, आडनाव मेश्राम. तेलंगणातल्या केसलापूरच्या नागोबा जत्रेची बातमी वाचली, तिथले मानकरी सगळे मेश्राम आणि सगळे गोंड. मग आपणही मूळचे गोंडच का? आणि थुंकीची डीएनए चाचणी केली तर ते कळेल का?

मीही नागपूरचा मेश्राम, त्यामुळे हा प्रश्न घरात ऐकतच मोठा झालोय. आधी उत्तर देऊन टाकतो. 'तुम्ही मेश्राम आहात' असं सांगणारी चाचणी नाही. फार तर एवढं कळू शकतं की तुमच्या वडिलांची बापाकडची ओळ आणि केसलापूरच्या एखाद्या मेश्रामाची ओळ मागे कधी एक होती. आणि तेसुद्धा तुमच्या थुंकीतून कळणार नाही, वडिलांची किंवा भावाची लागेल. का, ते पुढे येतंच.

नागपुरात मेश्राम म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कोणते मेश्राम?" घर भाड्याने देणारा विचारतो, सोयरीक जुळवणारा विचारतो, आणि त्यांना खरं काय विचारायचंय ते आपल्यालाही कळतं. इंदोरा-पाचपावलीकडे मेश्राम म्हणजे बहुतेक बौद्ध. हिंगणघाट, पांढरकवडा करत हैदराबादच्या रस्त्याने पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत शिरलात की मेश्राम म्हणजे गोंड. चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट या पट्ट्यात दोन्ही भेटतात. आज हे महाराष्ट्र, तेलंगण, मध्य प्रदेश अशा तीन राज्यांत विखुरलेलं वाटतं, पण राज्यांच्या सीमा अलीकडच्या आहेत. बालाघाट आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते (आधी मध्य प्रांत, १९५० पासून मध्य प्रदेश), नागपूर त्याची राजधानी होती. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्याहून मागे गेलात तर हा बराचसा मुलूख देवगड आणि चांदा या दोन गोंड राज्यांचा. नागपूर शहरच १७०२ साली देवगडच्या बख्त बुलंद शाहने वसवलं.

आता गोंडांमधलं मेश्राम समजून घ्या, कारण ते आपल्या नेहमीच्या आडनावांसारखं नाही. रामटेके, उमरेडकर, वानखेडे ही गावावरून पडलेली आडनावं. रामटेक सोडून गेलेली दोन वेगवेगळ्या जातींची, एकमेकांना न ओळखणारी घरं दोन गावांत जाऊन रामटेके होऊ शकतात. मेश्राम हे गावाचं नाव नाही, ते गोंडी कुळाचं नाव आहे. गोंडांमध्ये कुळांची विभागणी देवांच्या संख्येवर असते: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. मेश्राम सात देवांचे. सात देववाल्यांची सगळी कुळं एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे गोंड मेश्रामाला 'कोणते मेश्राम' विचारलं तर तो आधी देव सांगेल, मग गाव.

केसलापूर आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ आहे. पौष अमावास्येच्या जत्रेआधी मेश्राम कुळाचे लोक पायी गोदावरीवर जाऊन पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. लग्न होऊन कुळात आलेल्या नव्या सुनांना नागोबापुढे नेऊन कुळाशी त्यांची ओळख करून देतात, त्याला तिथे 'भेटिंग' म्हणतात. लेक लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते, सून या कुळात येते आणि नाव बापाकडून पोराकडे जातं. हे लक्षात ठेवा, कारण डीएनएचा एक तुकडा नेमका याच वाटेने चालतो.

मग आपल्या समाजात हे नाव कसं आलं? एकटं मेश्रामच नाही, गेडामही दोन्हीकडे आहे. वाटा अनेक असू शकतात. एखादं गोंड घर कधीतरी दुसऱ्या समाजात मिसळलं असेल. गोंड राज्यातल्या गावांमध्ये शतकानुशतकं शेजारी राहून कुळाची नावं इकडून तिकडे गेली असतील. किंवा इंग्रजी अमलात शाळेच्या, पलटणीच्या, गिरणीच्या कागदावर आडनाव लिहिणं भाग पडलं तेव्हा गावात चालणारं नाव लावलं गेलं असेल. माझा कल शेवटच्या दोन वाटांकडे आहे. जुने कागद पाहिलेत तर त्यात आडनाव नसतंच बऱ्याचदा: 'सोमा वल्द गोविंदा' (म्हणजे गोविंदाचा मुलगा सोमा), पुढे जात, पुढे गाव, बस. आडनाव असं घट्ट चिकटलं ते शाळेचा दाखला आणि नोकरी आल्यावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धर्म बदलला तेव्हा आडनावं बहुतेकांनी तीच ठेवली. म्हणून आज तुम्हाला एकाच नावाचे दोन वेगळे लोकसमूह दिसतात.

आता चाचणीकडे. बाजारातली स्वस्त चाचणी सगळा डीएनए ढोबळमानाने बघते आणि टक्क्यांचं एक वर्तुळ काढून देते. माझ्या चुलतभावाने हौसेने केली होती. 'दक्षिण आशियाई' असा भला मोठा घास आणि कडेला दोन-चार परदेशांची चिमूट. त्यातून आडनावाबद्दल काही कळणं शक्यच नव्हतं. दहा पिढ्या मागे, म्हणजे साधारण बख्त बुलंदच्या काळात, तुमचे १,०२४ पूर्वज होते (मधे नात्यात लग्नं झाली असतील तर त्याहून कमी). मेश्राम नाव ज्याच्याकडून आलं तो त्यातला एकच. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांचा एक तुकडाही तुमच्यापर्यंत पोचलेला नसतो.

त्या एकाला गाठायचं तर वाय गुणसूत्र लागतं. ते फक्त पुरुषांत असतं आणि बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. म्हणून तुमची थुंकी चालत नाही. वडील, सख्खा भाऊ, काका, चुलतभाऊ चालतो. आतेभाऊ, मामेभाऊ चालत नाहीत. इंग्लंडमध्ये ब्रायन साईक्स नावाच्या शास्त्रज्ञाने २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचं वाय तपासलं, तर निम्म्याला थोडे कमी एकाच ओळीचे निघाले. पुढच्या अभ्यासांत तिथे असं दिसलं की विरळ आडनावांत असा मेळ बसतो, स्मिथसारख्या गावोगावच्या आडनावात बसत नाही. मेश्राम आपल्याकडे अजिबात विरळ नाही.

समजा तुमच्या भावाचा आणि केसलापूरच्या एका मेश्रामाचा नमुना तपासला. एकाचा वाय-गट (वायमधल्या जुन्या खुणांवरून पाडलेला मोठा गट) एच निघाला आणि दुसऱ्याचा आर१ए, तर त्यांचा बापाकडचा समान पूर्वज हजारो वर्षं मागे, आडनाव नावाची चीजच नव्हती तेव्हाचा. त्या दोघांपुरता प्रश्न संपला. पण दोघांचा एच निघाला, तर नाचू नका. एच भारतभर पसरलेला आहे, ब्राह्मणापासून आदिवासीपर्यंत. त्या गटाच्या आत खोल जाऊन बारीक फरक मोजणारी महाग चाचणी केली आणि समान पूर्वज तीन-चारशे वर्षांत आला, तरच बोलण्यासारखं काही हाती लागलं म्हणायचं. आणि नाही आला तरी 'आपण गोंड नव्हतो' हे सिद्ध होत नाही. मधे एक दत्तक पोरगा आला की ओळ तुटते.

'मूळ' शब्दाबद्दलही एक सांगतो. भारतातल्या बहुतेक सगळ्या समाजांत उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन मोठे प्राचीन प्रवाह मिसळलेले आहेत, फक्त प्रमाण कमीजास्त. ही मिसळ साधारण १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी झाली, असा २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली. गोंडांचं तर अजून मजेदार. गोंडी ही भाषा द्रविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. पण २०१७ साली ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांनी गोंडांचा डीएनए तपासला तेव्हा त्यांचं साम्य द्रविड भाषकांपेक्षा मुंडा भाषा बोलणाऱ्या आदिवासींशी जास्त दिसलं. म्हणजे खुद्द गोंडांचंही 'मूळ' त्यांच्या भाषेवरून ओळखता येत नाही, मग आडनावावरून आपलं कुठून ओळखणार?

हे सगळं जातीच्या दाखल्यासाठी चाललं असेल तर चाचणीवर रुपयाही घालू नका. जात पडताळणी समिती डीएनए बघत नाही, नुसतं आडनावही धरत नाही. तिथे कागद चालतो, तोही अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असेल तर जास्त वजनाचा.

कागदच खरा कामाचा आहे, नुसत्या कुतूहलासाठीसुद्धा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला आधी विचारा: नागपूरला येण्याआधीचा मौजा कोणता, पूर्वी देव कोणता पुजायचे, लग्न कोणत्या आडनावात वर्ज्य होतं. आत्या 'सात देव' म्हणाली, तर ते वायच्या निकालापेक्षा मोठं घबाड समजा. मग तहसीलमध्ये त्या गावचं कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), शाळेत दाखल-खारीज रजिस्टर आणि भूमी अभिलेखमध्ये बंदोबस्ताची मिसल (जमिनीच्या जुन्या मोजणी-आकारणीची फाईल). अर्जात मौजा आणि पटवारी हलका (पटवाऱ्याच्या हद्दीचा) नंबर टाका, नाहीतर बाबू परत पाठवतो. आडनावाने शोधू नका, 'वल्द' धरून पणजोबांच्या बापाचं नाव शोधा.