पिक्चरवर भांडायचं तर

बाबू, पिक्चर आवडला नाही? ठीक आहे, पण काहून, ते सांग. नुसतं ‘बकवास’ म्हटलं की वाद तिथंच मरतो. कोणत्या सीनला मोबाइल काढलास, तिथून सुरू कर. 2022 चा ‘झुंड’ घे. नागपुरातच शूट झालेला, जवळजवळ तीन तासांचा. झोपडपट्टीतल्या पोरांची कॉलेजच्या पोरांशी फुटबॉलची मॅच संपल्यावर तो लांबला, असं आमच्यातले अर्धे म्हणतात. मला तोच भाग आवडतो; पासपोर्टच्या कागदांसाठी बाप-लेकीची वणवण मॅचपेक्षा भारी आहे. यावर तर्री-पोह्याच्या दोन-दोन प्लेटी संपल्या, निकाल लागला नाही. कमाईचे आकडे मात्र मध्ये आणू नको. अन् नवा पिक्चर फसला तर त्याच रात्री बोलू नको. मी तरी तिकिटाचा राग उतरेस्तोवर गप्प बसतो.