घरचं नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेलं, फाइली साठवायचं डिस्कचं यंत्र) बाहेरून उघडायचंय, पण सुरक्षित कसं ठेवायचं?

घर शहापुरात, मुलगा पुण्यात, त्याला फोटो दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) उघडायचा म्हणताय. तेवढं करू नका, कळकळीनं सांगतो. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनं (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामनं) इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची हजारो नॅस यंत्रं कुलूपबंद केली होती. राउटरचं यूपीएनपीही (घरातल्या यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर न विचारता पोर्ट उघडला जाऊ शकतो. मुलासाठी वायरगार्ड किंवा टेलस्केल (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित खाजगी जोडणी देणारे व्हीपीएन) लावा. 'अ‍ॅडमिन' हे नॅसवरचं तयार खातं बंद, दोन टप्प्यांची पडताळणी आणि आपोआप अपडेट चालू.

दोन डिस्कचं रेड-1 (दोन्ही डिस्कवर तेच एकदम लिहायची मांडणी) म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकदम जातो. बाहेरच्या डिस्कवर महिन्याला कॉपी काढा, वायर काढून ती कपाटात ठेवा. खानापूरला पाहुण्यांकडे ठेवलीत तर आणखी उत्तम.

आणि यूपीएस घ्याच. वळवाच्या पावसात आपल्याकडे लाईट कशी जाते-येते ते तुम्ही बघताच. कॉपी चालू असताना माझी लाईट गेली, तर लग्नाच्या फोटोंचं अख्खं फोल्डर उघडेना. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडा आणि नॅसच्या सेटिंगमध्ये यूपीएसची सोय चालू करा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत ते स्वतः नीट बंद होतं. ही वायर बरेच जण खोक्यातच ठेवतात.