संगणकाच्या पडद्यावरचा लाल इशारा

प्रश्न : चवथीच्या तयारीत मुलगा संगणकावर आरतीसंग्रह शोधत असताना अचानक पडदाभर लाल इशारा झळकला, भोंगा वाजू लागला आणि एका नामांकित कंपनीच्या नावाने दिलेल्या क्रमांकावर फोन करण्यास सांगण्यात आले. आम्ही घाबरून संगणक बंद केला. त्यात विंडोज १० आहे. विकतचे अँटीव्हायरस घ्यावे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण फोन केला नाहीत, हे उत्तम झाले. असा इशारा बहुधा विषाणूचा नसतो, ते केवळ भीती घालणारे वेबपान असते; फोन केल्यास पलीकडचा माणूस दुरून संगणक हाताळता येईल असे सॉफ्टवेअर बसवायला लावतो आणि तेथून बँक खात्यापर्यंत पोहोचतो. पुन्हा तसे घडल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मला अधिक काळजी वाटते ती विंडोज १० ची. त्याचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या विषाणूने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा त्याने वापरलेल्या त्रुटीवरचा अपडेट मार्चमध्येच निघालेला होता; तो न घेतलेले संगणक सापडले. संगणक पेलत असेल तर विंडोज ११ घ्यावे. त्यातील डिफेंडर हे अंगभूत अँटीव्हायरस घरगुती वापराला पुरते. छायाचित्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती लगेच काढून ठेवावी, आणि आपल्याकडचा दमट पावसाळा पाहता हवाबंद डब्यातच.