जुनी टेलिलेन्स, नवा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जिंतूरला माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटात आट्यांची, म्हणजे एम-४२ जोडणीची, ३०० मिलिमीटरची सोव्हिएत बनावटीची 'ताईर-३' लेन्स मिळाली. साधा ॲडॅप्टर (दोन वेगळ्या जोडण्या सांधणारे कडे) लावून ती निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, बसवली. नाथसागराच्या काठावरील बाभळीवर बसलेला खंड्या लख्ख टिपता येतो, परंतु दूर पाण्यात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांचा थवा काही केल्या स्पष्ट होत नाही. लेन्स बिघडली आहे का? (परभणी)

उत्तर : लेन्स बहुधा ठणठणीत आहे, अडचण जोडणीच्या मापाची आहे. प्रत्येक लेन्स तिच्या बैठकीपासून कॅमेऱ्यातील संवेदकापर्यंतचे (सेन्सरपर्यंतचे) एक ठरावीक अंतर धरून बनवलेली असते. एम-४२ साठी हे अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे, तर निकॉनच्या एफ जोडणीसाठी ४६.५ मिलिमीटर. म्हणजे ॲडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी आपली लेन्स जिथे हवी त्याच्या एक मिलिमीटर पुढेच उभी राहते, आणि ॲडॅप्टरच्या जाडीने ती आणखी पुढे सरकते. एवढ्याशा फरकाने काय होते ते गणित करून पाहावे : ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर एक मिलिमीटरच्या वाढीने फोकसची मर्यादा सुमारे ८५ मीटरवर येऊन थांबते, आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तर जेमतेम अडीच मीटरवर. आपला खंड्या या मर्यादेच्या आत होता, रोहित पक्षी बाहेर.

आत भिंग बसवलेले ॲडॅप्टर बाजारात मिळतात आणि त्यांनी दूरचा फोकस परत मिळतो, हे खरे आहे. पण स्वस्त ॲडॅप्टरमधले ते भिंग चांगल्या लेन्सचा सगळा तजेला घालवते, म्हणून मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही. खरा उपाय मिररलेस कॅमेऱ्याचा आहे. आरसाच नसल्याने तिथे बैठकीचे अंतर फारच कमी असते : सोनीच्या ई जोडणीत १८ मिलिमीटर, निकॉनच्या झेडमध्ये १६, कॅननच्या आरएफमध्ये २०. मधली मोकळी जागा साध्या पोकळ नळीने भरून काढता येते आणि लेन्स अनंतापर्यंत फोकस होते. कॅननचा डीएसएलआर असता तरी काम भागले असते, कारण ईएफ जोडणीचे अंतर ४४ मिलिमीटरच आहे. ही लेन्स सुमारे दीड किलोची आहे. ट्रायपॉडला कॅमेरा न बांधता लेन्सच बांधावी, नाहीतर सगळा भार ॲडॅप्टरच्या कड्यावर येतो.

प्रश्न : वडिलांची निक्कोर २०० मिलिमीटर एफ/४ लेन्स निकॉनच्या डी ५६०० या डीएसएलआरवर नीट बसते, पण पडद्यावर एफपुढे दोन रेघा दिसतात आणि शटर पडतच नाही. (लातूर)

उत्तर : मोड डायल एम (मॅन्युअल) वर आणावी, शटर पडेल. या लेन्समध्ये कॅमेऱ्याशी बोलणारी चिप नसल्यामुळे डी ५६०० ला ॲपर्चर (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे माप, एफ आकडा) कळत नाही आणि त्याचा प्रकाशमापकही काम करत नाही. ॲपर्चर लेन्सच्या कड्यावरून आणि शटर स्पीड कॅमेऱ्यावरून आपणच ठरवायचा. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात हे वाटते तितके अवघड नाही. आयएसओ (संवेदकाची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० ला एफ/८ वर शटर १/८०० च्या आसपास ठेवून सुरुवात करावी, पडद्यावर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहावा आणि एक-दोन पायऱ्या इकडेतिकडे कराव्यात. ढगाळ आभाळात प्रकाश झपाट्याने कमी होतो, तेव्हा हा अंदाज सोडून द्यावा. फोकससाठी व्ह्यूफाइंडरमधील हिरवा ठिपका उपयोगी पडतो, लेन्स एफ/५.६ किंवा त्याहून उघडी असल्याने तो याही लेन्सवर काम करतो.

डी ७२०० सारख्या कॅमेऱ्यात मात्र मेनूमध्ये लेन्सची फोकल लांबी आणि सर्वांत मोठे ॲपर्चर नोंदवले की प्रकाशमापनही होते. परंतु अशा कॅमेऱ्यावर १९७७ च्या आधीची, एआय (कॅमेऱ्याला ॲपर्चर कळवणारी कड्याची रचना) नसलेली लेन्स बळेच बसवू नये, कारण बैठकीजवळची नाजूक पट्टी मोडू शकते. डी ५६०० वर ती पट्टीच नसल्याने हा धोका नाही. जुनी निक्कोर घेताना एवढे पाहूनच व्यवहार करावा.

प्रश्न : चामड्याच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या टेलिलेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. उन्हात ठेवल्याने बुरशी जाईल का? (अंबाजोगाई)

उत्तर : ठेवू नये. मराठवाड्याच्या उन्हात लेन्स तापली की आतले ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर येते, आणि मग एका दुखण्याची दोन दुखणी होतात. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहावे. धागे काठाशी आणि थोडेसे असतील तर चित्रात काही फरक दिसणार नाही. मधोमध असतील तर विरुद्ध दिशेच्या प्रकाशात सगळे चित्र धुरकट होईल. वरवरची बुरशी जाणता कारागीर पुसून काढतो, परंतु तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून ती पेटी टाकून द्यावी आणि लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवावी.

प्रश्न : एप्रिलमध्ये दुपारी टिपलेली दूरची काळविटे ट्रायपॉड वापरूनही मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात. लेन्सच जुनी म्हणून असे होते का? (धाराशिव)

उत्तर : नाही. तापलेल्या माळावरून उठणारी हवा थरथरते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. नवीकोरी महागडी लेन्सही इथे हात टेकते. लेन्स जेवढी लांब आणि सावज जेवढे दूर, तेवढा हा परिणाम जास्त. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास गाठावा आणि जमेल तेवढे जवळ जावे. जुन्या लेन्सचा स्वतःचा दोष ओळखायचा तर काळविटाच्या शिंगांच्या कडा पाहाव्यात. आभाळाच्या पार्श्वभूमीवर तिथे जांभळी किनार दिसली तर ॲपर्चर एफ/८ पर्यंत लहान करावे. ती बरीच कमी होते.